उत्तर बरोबर होतं, मग नकार का आला?

पत्र: ताई, मी संख्याशास्त्रात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्वांट फायनान्समध्येच, म्हणजे गणित आणि संख्याशास्त्र वापरून बाजारात काम करण्याच्या क्षेत्रातच, जायचं असं ठरवलंय. सहा महिने कोडी सोडवतेय, संभाव्यतेच्या प्रश्नांची दोन जाडजूड पुस्तकं पालथी घातली. दोन मुलाखती झाल्या. दोन्हीकडे नाणेफेकीचा नाहीतर फाशांचा ओळखीचाच प्रश्न आला. उत्तर लगेच दिलं, बरोबरही होतं. पुढच्या फेरीचं बोलावणं मात्र आलं नाही. अजून कोडी सोडवू का? फायनान्सची पदवी माझ्याकडे नाही, ती घेऊ का? पायथन येतं, सी प्लस प्लस शिकायलाच हवं का? आणि मला उशीर तर झाला नाही ना?

उत्तर: "उत्तर लगेच दिलं" हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण नकाराचं कारण बहुतेक तिथेच आहे. मी डेरिव्हेटिव्हज डेस्कवर (शेअरसारख्या दुसऱ्या गोष्टीच्या भावावर ज्यांची किंमत ठरते अशा करारांच्या विभागात) काम करते आणि उमेदवारांच्या मुलाखती घेणं हा त्या कामाचाच भाग आहे. प्रश्न ऐकल्याबरोबर कोणी आकडा सांगितला, की मला एवढंच कळतं की हा प्रश्न त्याने आधी पाहिलेला आहे. मुलाखत तेव्हा सुरूही झालेली नसते. माझा खरा प्रश्न दुसरा असतो, तिसरा असतो, आणि तिथे पाठांतर कामी येत नाही.

एक प्रश्न पूर्ण उलगडून दाखवते. नाणं फेकत राहायचं, लागोपाठ दोन छापे पडले की थांबायचं. सरासरी किती फेका लागतील? उत्तर ६, हे तुला माहीत असणार. पण फळ्यावर मांड म्हटलं तर मांडता यायला हवं. सुरुवातीपासून लागणाऱ्या सरासरी फेकांना 'स' म्हणू, आणि एक छापा हातात असताना उरलेल्या फेकांना 'छ'. एक फेक तर खर्च होणारच. निम्म्या वेळा छापा पडून आपण 'छ'वर जातो, निम्म्या वेळा काटा पडून जागच्या जागी राहतो. म्हणून स = १ + छ/२ + स/२. छापा हातात असताना पुन्हा छापा आला तर खेळ संपला, काटा आला तर पहिल्यापासून. म्हणून छ = १ + स/२. दोन्ही सोडवली की स = ६. इथपर्यंत सगळं पुस्तकात असतं.

मग मी विचारते, दोन छाप्यांऐवजी छाप्यामागोमाग काटा हवा असेल तर? उत्तर ४. आता सांग, कोणत्याही दोन फेकांत छापा-छापा येण्याची शक्यता पाव, छापा-काटा येण्याचीही पावच. मग एकाला ६ आणि दुसऱ्याला ४ का? इथे बरेच जण अडतात. समीकरण सोडवलेलं असतं, त्याचा अर्थ कधी लावलेला नसतो. काट्याची वाट पाहताना छापाच आला, तरी एक छापा हातात राहतोच, केलेली मजल टिकते. दोन छाप्यांची वाट पाहताना काटा आला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. फरक इतकाच आहे आणि तो समीकरणात 'स/२' या रूपाने दिसतोही.

तिसरा प्रश्न मला फार आवडतो. एकच नाणं, फेकांची एकच मालिका. तू छापा-छापाची वाट बघ, मी छापा-काट्याची. आधी कोण जिंकेल? ६ आणि ४ हे आकडे डोक्यात ताजे असतात, त्यामुळे बहुतेक जण "तुम्ही" म्हणतात. प्रत्यक्षात दोघींची संधी अगदी सारखी आहे. पहिला छापा पडेपर्यंत कोणीच जिंकत नाही आणि त्याच्या पुढच्याच फेकीत निकाल लागतो: छापा आला तर तू, काटा आला तर मी. सरासरी वेळ कमी असणं वेगळं आणि शर्यत जिंकणं वेगळं, हे बोलता बोलता ज्याच्या लक्षात येतं, त्याला मी पुढच्या फेरीला पाठवते, पहिलं उत्तर चुकलेलं असलं तरीही.

प्रश्न इथेही थांबत नाही. नाणं सदोष असेल आणि छाप्याची शक्यता 'प' असेल तर छापा-छापाला सरासरी किती फेका लागतील? उत्तर येतं (१ + प) भागिले 'प'चा वर्ग. चांगला उमेदवार कोणी न सांगता ताळा करून बघतो: 'प' १ ठेवला तर २ फेका, 'प' अर्धा ठेवला तर ६, दोन्ही पटतात. ट्रेडिंगच्या जागेसाठी मुलाखत असेल तर यापुढे मी म्हणेन, "जितक्या फेका लागतील तितके गुण मिळणार. या खेळाचा खरेदीचा आणि विक्रीचा भाव सांग." छापा-छापाची सरासरी ६, पण प्रचरण (सरासरीभोवतीच्या विखुरण्याचं माप, व्हेरियन्स) २२. छापा-काट्याची सरासरी ४ आणि प्रचरणही ४. म्हणजे पहिल्या खेळात दोन भावांमधलं अंतर जास्त ठेवावं लागेल. तू भाव सांगितलास आणि मी क्षणाचाही विचार न करता तुझ्या विक्रीच्या भावाला खरेदी केली, तर माझ्याकडे तुझ्यापेक्षा जास्त माहिती असू शकते हे ओळखून पुढचा भाव तू वर सरकवायला हवास. मार्केट मेकिंगचं, म्हणजे खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव सतत देत राहण्याचं, सगळं काम याच एका सवयीवर उभं आहे.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नवी कोडी बंद कर. सोडवलेल्यांतली वीस-पंचवीस निवड आणि प्रत्येकाचं एक गृहीतक बदलून पुन्हा सोडव. फासा पुन्हा टाकायची मुभा असेल तर? त्या मुभेसाठी दर वेळी अर्धा गुण द्यावा लागत असेल तर? हे करताना मोठ्याने बोल, आणि शक्य असेल तर समोर माणूस बसव. त्याला उत्तर माहीत नसलं तरी चालेल, त्याने फक्त "का?" आणि "असं नसतं तर?" एवढंच विचारायचं. गप्प बसून विचार करणारा उमेदवार हुशार असला तरी मला त्याचं काही दिसत नाही आणि मी त्याला मदतही करू शकत नाही. "मला वाटतं इथे सममिती आहे, पण खात्री नाही, एक छोटं उदाहरण घेऊन बघते" असं म्हणणाऱ्या मुलीबरोबर काम करायला आवडेल असं मला तिथल्या तिथे वाटतं.

तोंडी हिशेबाबद्दल थोडक्यात. काही ट्रेडिंग कंपन्या ८ मिनिटांत ८० बेरजा-गुणाकार अशा धर्तीची चाचणी घेतात. तिथे रोजचा सराव हाच उपाय, दुसरं त्यात काही नाही. संशोधनाच्या जागांसाठी याची फारशी गरज पडत नाही.

यावरून एक गोष्ट निघते, जी तुझ्या पत्रात कुठेच नाही: तुला नक्की कोणती जागा हवी आहे? क्वांट या एका नावाखाली चार वेगळी कामं चालतात. क्वांट ट्रेडर भाव देतो, जोखीम सांभाळतो, मिनिटामिनिटाला निर्णय घेतो. त्याच्या मुलाखतीत खेळ, पैजा आणि वेग असतो. क्वांट रिसर्चर डेटामधून संकेत शोधतो. त्याचं संख्याशास्त्र आणि प्रामाणिकपणा दोन्ही तपासून घेतलं जातं. क्वांट डेव्हलपर यंत्रणा बांधतो. त्याची मुलाखत बरीचशी सॉफ्टवेअरची असते. आणि बँकांमधले क्वांट डेरिव्हेटिव्हजची मॉडेल्स लिहितात किंवा दुसऱ्यांनी लिहिलेली तपासतात. दोन्ही मुलाखती कोणत्या कामासाठी होत्या हे तू लिहिलेलं नाहीस. अर्ज करताना तो फरक तू केला नसावास, अशी मला शंका आहे.

माझं मत विचारशील तर तू रिसर्चर आणि मॉडेल व्हॅलिडेशन (दुसऱ्यांनी लिहिलेली मॉडेल्स तपासण्याचं काम) या दोन दिशांनी अर्ज कर. मॉडेल व्हॅलिडेशनला मुलं नाक मुरडतात, ते मला पटत नाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २०११ साली बँकांसाठी मॉडेल-जोखमीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मॉडेल बनवणाऱ्यापासून स्वतंत्र असलेल्या माणसाने ते तपासावं ही अपेक्षा लेखी आली. या कामात पहिल्याच वर्षी दहा प्रकारची मॉडेल्स आतून उघडून बघायला मिळतात आणि ती कुठे मोडतात हे शिकायला मिळतं. डेस्कवर बसलेल्या नवख्याला बऱ्याचदा एकाच मॉडेलच्या एका कोपऱ्यात दोन वर्षं काढावी लागतात.

आणि तुझं संख्याशास्त्र! पत्रात तू ते एका वाक्यात उरकलंस, पण तुझं सगळ्यात मोठं बळ तेच आहे. मी तुझ्यासमोर असते तर विचारलं असतं: डेटातली प्रत्येक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली, तर रिग्रेशनचं (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधणाऱ्या समीकरणाचं) काय होईल? गुणांक तेच राहतात, आर-स्क्वेअर तोच राहतो, पण प्रमाण त्रुटी साधारण १.४ पटीने कमी होते आणि टी-मूल्य (गुणांक भागिले प्रमाण त्रुटी) तितक्याच पटीने वाढतं. माहिती कणभरही वाढली नाही, खात्री मात्र वाढलेली दिसते. हे कळलं की मी विचारणार, शेअरचा पुढच्या महिन्याचा परतावा रोज मोजून त्यावर रिग्रेशन चालवलं तर? लागोपाठच्या दोन दिवसांच्या मोजमापांत जवळजवळ सगळा महिना सामाईक असतो. म्हणजे तोच दोष, फक्त लपलेला. पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्यापर्यंत आपणहून पोचणारा उमेदवार क्वचितच भेटतो. तुझ्या अभ्यासक्रमातलं हे आहे, तू पोचू शकतेस.

असेच दोन-तीन विषय मुळापासून पक्के कर. अ आणि ब यांचा सहसंबंध ०.६, ब आणि क यांचाही ०.६, मग अ आणि क यांचा ऋण असू शकेल का? असू शकतो, −०.२८ पर्यंत, आणि ते का हे मॅट्रिक्सच्या भाषेत आणि कोनांच्या भाषेतही सांगता आलं पाहिजे. निव्वळ गोंगाटावर १०० कल्पना ५ टक्क्यांच्या पातळीवर तपासल्या, तर साधारण ५ 'यशस्वी' दिसतील. मग तुझ्या यशस्वी कल्पनेवर मी विश्वास का ठेवावा? शार्प रेशो (जोखमीच्या मानाने मिळणारा वार्षिक परतावा) १ असलेली पद्धत ४ वर्षं चालली तर तिचं टी-मूल्य साधारण २ येतं, कारण शार्पला वर्षांच्या वर्गमुळाने गुणायचं असतं. शार्प अर्धाच असेल तर त्याच खात्रीसाठी १६ वर्षांचा डेटा लागेल. हा हिशेब स्वतः करून बघितलास की वर्षभराच्या आलेखावर भाळणं आपोआप थांबतं.

आता फायनान्सची पदवी. निव्वळ ज्ञानासाठी घेणार असशील तर माझं उत्तर नाही असं आहे. फायनान्शियल इंजिनिअरिंगच्या चांगल्या अभ्यासक्रमांचा खरा उपयोग त्यांच्या प्लेसमेंटचा आणि ओळखींचा असतो. खर्च मोठा असतो, त्यामुळे मागच्या तुकड्यांना प्रत्यक्षात कोणत्या जागा मिळाल्या हे बघितल्याशिवाय अर्जही करू नकोस. तुला लागणारं फायनान्स दोन-तीन महिन्यांत घरी बसून येईल, कारण ते थोडंच पण खोल लागतं.

खोल म्हणजे कसं? शेअर आज १००. उद्या एकतर १२० होईल नाहीतर ९०. व्याजदर शून्य धर. १०० ला खरेदी करण्याचा हक्क देणाऱ्या कॉल ऑप्शनची आजची किंमत किती? शेअर वर जाण्याची शक्यता किती हे मी मुद्दामच सांगितलेलं नाही. ऑप्शन वर २० देईल, खाली शून्य. एक ऑप्शन विकून दोन तृतीयांश शेअर घेतला, तर वर ८० वजा २० म्हणजे ६०, खालीही ६०. जोखीम उरलीच नाही. सुरुवातीला शेअरला लागले ६६.६७, म्हणून ऑप्शनची किंमत ६.६७. वर जाण्याची शक्यता या हिशेबात कुठेही आली नाही. "ती का आली नाही?" या प्रश्नाला तुला स्वतःच्या शब्दांत उत्तर देता आलं, तर ऑप्शनची किंमत काढणाऱ्या १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्राचा गाभा तुला कळला, पुढचा कॅल्क्युलस हा त्याच विचाराचा सलग वेळेतला विस्तार आहे. पुट-कॉल पॅरिटी, डेल्टा, गॅमा, व्होलॅटिलिटी (भाव किती हेलकावे खातो त्याचं माप) हे सगळं याच धाग्याला धरून शिक. एक आडाखाही लक्षात ठेव: आजच्या भावालाच बेतलेल्या कॉलची किंमत साधारण शेअरचा भाव गुणिले ०.४ गुणिले व्होलॅटिलिटी गुणिले मुदतीचं वर्गमूळ. १०० चा शेअर, २० टक्के व्होलॅटिलिटी, एक वर्ष, म्हणजे जवळपास ८. हे झटकन सांगता येणं चांगलं, पण ०.४ कुठून आला हेही माहीत असू दे.

मॉडेल कुठे मोडतं हे तर आवर्जून वाच. ऑक्टोबर १९८७ च्या पडझडीनंतर शेअर निर्देशांकाच्या ऑप्शन्सनी सगळ्या स्ट्राइकला (ऑप्शनमध्ये ठरलेल्या खरेदी-विक्रीच्या भावाला) एकच व्होलॅटिलिटी दाखवणं सोडलं. ऑप्शनची किंमत काढण्याच्या याच पद्धतीसाठी शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते दोघे ज्यात भागीदार होते तो लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड १९९८ मध्ये कोसळला. गणित येणाऱ्या माणसाने हे मन लावून वाचावं असं मला कळकळीने वाटतं, कारण आपल्या कामाने खऱ्या लोकांचे खरे पैसे बुडतात.

सी प्लस प्लस? डेव्हलपर व्हायचं असेल किंवा अतिवेगवान ट्रेडिंगमध्ये जायचं असेल तर हवंच, आणि तेही नुसतं वाक्यरचनेपुरतं नको. मेमरी, कॅश, व्हर्च्युअल फंक्शन आतून कसं चालतं इथपर्यंत. रिसर्चर किंवा व्हॅलिडेशनसाठी तू पायथनवरच राहा आणि ते नीट कर. नम्पाय, पांडाज, थोडं एसक्यूएल, आणि स्वतः लिहिलेल्या कोडला टेस्ट लिहायची सवय. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकन कंपनीच्या ८ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला, तिथला जुना कोड जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. मुलाखतीत कोडबद्दल विचारताना आम्ही इतके खोलात का शिरतो, ते यावरून समजेल.

आणखी एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस: प्रकल्प. एकच कर, पण पूर्ण कर. सार्वजनिक डेटा घे, एक साधी कल्पना तपास, आणि तीन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून बघ. त्या दिवशी माहीत नसलेली माहिती हिशेबात शिरली का? बंद पडलेल्या कंपन्या डेटातून गायब आहेत का? आणि व्यवहाराचा खर्च वजा केल्यावर काय उरतं? बहुतेक वेळा काही उरत नाही. तसंच लिही. "खर्च धरल्यावर ही पद्धत चालत नाही, आणि ती का चालत नाही ते असं" असं सांगणाऱ्या उमेदवाराशी मी तासभर बोलू शकते. शार्प ५ असलेला बॅकटेस्ट (जुन्या डेटावर पद्धत चालवून बघितलेला निकाल) समोर आला की मी पहिली पाच मिनिटं चूक शोधण्यात घालवते, आणि ती सापडतेच. बायोडेटातल्या प्रत्येक ओळीवर पाच मिनिटं बोलता येत नसेल तर ती ओळ काढून टाक. 'मशीन लर्निंग' असं लिहिलंस तर रिज आणि लासो या रिग्रेशनच्या दोन प्रकारांतला फरक, आणि लासो काही गुणांक थेट शून्य का करतो, हे विचारलं जाणारच.

उशीराचं म्हणशील, तर अजिबात झालेला नाही. या क्षेत्रात पीएचडी संपवून पहिली नोकरी धरणारे कितीतरी आहेत. वेळापत्रक मात्र सांभाळ: मोठ्या कंपन्या रुजू होण्याच्या बऱ्याच आधी, कधीकधी वर्षभर आधी अर्ज उघडतात आणि जागा भरल्या की लवकर बंदही करतात. यादी कर, तारखा लिही, आणि जिथे जायची सर्वांत जास्त इच्छा आहे तिथली मुलाखत पहिली येऊ देऊ नकोस. ज्या दोन ठिकाणांहून नकार आला त्यांची दारंही कायमची बंद झालेली नाहीत. बहुतेक कंपन्या ठरावीक काळाने पुन्हा अर्ज घेतात, तो काळ त्यांच्या एचआरला सरळ विचार. आणि जागा देऊ केली गेली की सही करण्याआधी एक कलम नीट वाच: नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे किती महिने जाता येणार नाही आणि त्या काळात पगार चालू राहतो का. पहिल्या नोकरीच्या आनंदात हे कोणी वाचत नाही, आणि दुसरी नोकरी धरताना त्याचाच अडसर होतो. कोणत्या दोन दिशांनी अर्ज करायचे ठरवलेस ते मला कळव, त्याप्रमाणे पुढचं बोलू.